दोन इंच लिफ्टशिवाय कोकणात थार बिनकामाची?

दापोलीकर:
परवा इथे एकाने ठोकून दिलं, "कोकणात थार घ्यायची तर आधी सस्पेन्शन दोन इंच उचलून लिफ्ट करा, नाहीतर पावसाळ्यात गाडी अंगणात शोभेला ठेवा." वाचून डोकं फिरलं. अहो, महिंद्राची फोर बाय फोर थार कंपनीतूनच २२६ मिलिमीटर क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची मोकळी उंची, घेऊन येते, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते. आमच्या वाडीच्या वहाळातून भर आषाढात मूळ स्प्रिंगवर निघते. आणि हे लोक लिफ्ट म्हणून करतात काय, तर पुढच्या स्ट्रटवर, म्हणजे स्प्रिंग-शॉकच्या जोडीवर, नुसती जाड चकती (स्पेसर) बसवतात. चाकाला ताकद पोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो, त्यावरचा रबरी बूट ताणून फाटतो. शेजाऱ्यांच्या गाडीचा असा बूट गॅरेजात पाहिला. ग्रीस नावाला, बाकी सगळा लाल चिखल. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की कट-कट-कट. नवख्यांना असले सल्ले देऊ नका.

लांज्याचा बागायतदार:
तुमचा वहाळ तुम्हाला लखलाभ. माझ्या कलमांत उतरायला चिरेखाणीचा जुना रस्ता आहे. हापूसचे क्रेट भरले की गाडी मागे बसते आणि कातळाच्या कडेवर पोट टेकतं. तिथे २२६ चा आकडा घेऊन काय करू? रॅम्पओव्हर कोन, म्हणजे पोट न टेकता उंचवटा ओलांडायचा कोन, २७ अंशांच्या आसपासच आहे. मी स्पेसर नाही, पूर्ण किट टाकलंय. स्प्रिंग, शॉक, पुढचे वरचे कंट्रोल आर्म, मग चाकांची अलाइनमेंट. दोन्ही एकाच तागडीत तोलू नका.

जिम्नीप्रेमी:
काका, मागे बसते तर मागे जास्त वजन पेलणाऱ्या स्प्रिंग टाकून भागलं असतं. शिवाय सॉलिड अ‍ॅक्सलचा, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या अखंड दांड्याचा, डिफरन्शियल (मधला गिअरचा गोळा) लिफ्टने केसभरही वर जात नाही, त्याला टायरच मोठे लागतात. मित्राची लिफ्ट केलेली सुझुकी जिम्नी चालवलीय. कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकांच्या स्टिअरिंग-अक्षाचा कोन, बिघडलेला, महामार्गावर गाडी सरळ धरताना मनगटं दुखली.

पुळणीवरची:
तुमचं क्लिअरन्स चालू द्या. गाडी उंच झाली की पहिली कुठे नेतात? पुळणीत! आमच्या अंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चाकांखाली वाळू दडपते, पिल्लं चाकोरीत पडतात आणि पाण्यापर्यंत पोचतच नाहीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे हा. मग भरती आली, गाडी रुतली, की गावातल्या पोरांना हाका.

लांज्याचा बागायतदार:
ताई, रुतणाऱ्या गाड्या शहरांतून येतात. आम्हा बागायतदारांच्या माथी का? आणि होड्या ओढायला ट्रॅक्टर उतरतो तेव्हा कासवं दिसत नाहीत?

पुळणीवरची:
ट्रॅक्टरवर घर चालतं आमचं! तो होडीपुरता येतो आणि जातो. रात्री दिवे लावून पुळणीभर गोल-गोल फिरत नाही. मच्छीमाराला मध्ये ओढू नका. घरट्याभोवती जाळी लावून जे पहाटे राखण करतात ना, त्यांच्यासोबत एकदा उभे राहा, मग बोला.

दापोलीकर:
ट्रॅक्टरशी तुलना करणं चूकच. पण मूळ मुद्दा सुटतोय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचलंय का कुणी? कंपनीच्या मूळ मापापेक्षा वेगळा बदल चालत नाही, असं २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय. दंड बदलागणिक पाच हजार. अपघात झाला तर विमावाला आधी हेच काढणार.

लांज्याचा बागायतदार:
कायदा बरोबर असेल. माझी बाग त्या कातळाखालीच आहे, त्याचं काय करू ते कायद्याने सांगावं. किट मी काढणार नाही. पण स्पेसर बसवा असं मीही कुणाला सांगणार नाही, एवढं घ्या लिहून. आणि ताई, अंजर्ल्याला आलो की गाडी डांबरावरच लावीन.

पुळणीवरची:
लावाच. आणि बरोबर येणाऱ्यांनाही सांगा.