मदत हवी आहे: साईट ॲपमधली दैनिक नोंद दुबार चढली आहे, नेमकी कशी डिलीट करायची?

जांबोटी_साईट
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीकडं घराचं काम चालू आहे. साईटवर रेंज नाही. सुपरवायझर डेली लॉग मोबाईलवर ऑफलाइन भरतो आणि खानापुरात आला की अपलोड होतो. पहिल्या मजल्याच्या स्लॅबची नोंद दोनदा चढली आहे, एक १२ तारखेला आणि एक १४ तारखेला. स्लॅब १२ लाच पडला. एम २० काँक्रीट १८ घनमीटर, सिमेंट १४४ पोती, माणसं २२, दोन्हीकडं आकडे तेच. सिमेंटचा साठा २६० पोती होता, आता वजा २८ दाखवतोय, त्यामुळं पुढचं सिमेंट इश्यू होत नाही, म्हणजे गोदामातून कामाला देता येत नाही. १२ तारखेचा दिवस 'पूर्ण' करून बंद केलाय, तिथं डिलीटचं बटण फिकट दिसतं. १४ ला बटण चालू आहे. १४ चा अख्खा दिवसच उडवला तर चालेल का? त्या दिवशी पावसानं काम बंद असल्याचीही नोंद आहे.

चिरेबंदी
अख्खा दिवस अजिबात उडवू नका. दिवस डिलीट केला की त्याच्या पोटातलं सगळं जातं: हवामान, हजेरी, फोटो, सेफ्टीच्या नोंदी. पावसाची नोंद तर मुदतवाढ मागताना लागते. सरकारी काम असेल तर हिंडरन्स रजिस्टरशी (कामातल्या अडथळ्यांची नोंदवही) ती जुळावी लागते. १४ तारीख उघडा, काँक्रीटच्या ओळीवर जा आणि तेवढी ओळ काढा.

पण त्याआधी सुपरवायझरचा मोबाईल बघा. 'अपलोड बाकी' मध्ये काही अडकलंय का? अर्ध्यात रेंज गेली की नोंद सर्व्हरवर पोचलेली असते, पण मोबाईलला पोच मिळत नाही. मग तो तीच नोंद पुन्हा पाठवतो. काही ॲप अशा वेळी अपलोडची तारीख धरतात, तुमची १४ तारीख त्यातूनच आलेली दिसते. अडकलेली नोंद तशीच ठेवून वेबवर डिलीट केलं, तर पुढच्या सिंकला ती परत उभी राहणार. ॲप काढून नव्यानं टाकायचा उद्योग मात्र करू नका. न चढलेल्या खऱ्या नोंदी आणि फोटो त्यात कायमचे जातात.

लेव्हल_ट्यूब
वरच्यात भर. डिलीट करण्याआधी दोन्ही दिवसांची पीडीएफ आणि एक्सेल काढून ठेवा. एक्सेलमध्ये नोंद क्रमांकाचा रकाना घ्या, कारण आकडे सारखे असताना कुठली नोंद कुठली हे क्रमांकावरूनच कळतं.

मग कुठली ठेवायची ते ठरवा. नुसती तारीख बघून ठरवू नका, कशाला काय जोडलंय ते बघा. १८ घनमीटरला आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे क्यूबचे, म्हणजे ताकद तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे, ३ नमुने लागतात, नमुन्यामागं ३ क्यूब. ते क्यूब रजिस्टर कुठल्या नोंदीला जोडलंय? १४ च्या नोंदीला जोडलं असेल आणि तुम्ही ती उडवली, तर २८ दिवसांनी आलेला रिझल्ट कुठल्या स्लॅबचा हे ॲपमध्ये दिसणारच नाही. आधी ते १२ च्या नोंदीला जोडून घ्या.

दुसरी गोष्ट सेंट्रिंगची, म्हणजे स्लॅबखालच्या तात्पुरत्या आधाराची. साध्या (ओपीसी) सिमेंटला ४.५ मीटरपर्यंत गाळा (दोन आधारांमधलं अंतर) असलेल्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी आणि त्यावरच्या गाळ्याचे १४ दिवसांनी काढायचे असतात. ॲप हा दिवस नोंदीच्या तारखेवरून मोजतं. तुमच्याकडं चुकीची तारीख पुढची आहे, म्हणजे टेकू दोन दिवस जास्त राहतील, एवढंच. पण मोबाईलची तारीख मागं असेल तर टेकू लवकर निघतात, आणि ते जिवावरचं काम आहे. सगळ्या मोबाईलवर तारीख-वेळ ऑटोमॅटिक ठेवायला लावा.

जांबोटी_साईट
क्यूब १२ लाच जोडलेत, बघितलं. १४ च्या ओळीवर डिलीट दाबलं की 'मटेरियल इश्यू जोडलेला आहे' असं येतंय. ऑफिसातून अकाउंटंट म्हणतात, १४४ पोती साठ्यात ॲडजस्ट करून टाकू.

निपाणी_स्टोअर
ॲडजस्टमेंट नको, सर. हिशोब बघा. वजा २८ मध्ये १४४ घातले की ११६ होतात, आज बरोबर दिसेल. उद्या कुणीतरी ती दुबार ओळ इश्यूसकट काढली की आणखी १४४ परत येतील आणि साठा २६० दाखवेल. गोदामात पोती ११६ च. दोन्हीतला एकच रस्ता धरायचा, आणि तुमच्याकडं ओळ काढायचीच आहे.

स्टोअर विभागात १४ तारखेचा इश्यू उघडा आणि तो रिव्हर्स करा. कारणात 'दुबार नोंद' आणि मूळ नोंदीचा क्रमांक लिहा. साठा ११६ आला की प्रत्यक्ष पोती मोजा. मगच लॉगमधली ओळ डिलीट करा. १२ तारखेला हातच लावायचा नाही, म्हणजे तो दिवस पुन्हा उघडायची गरजही नाही. हजेरीची २२ माणसं वेगळ्या ओळीत असतील तर तीही १४ मधून काढा, नाहीतर सेंट्रिंगवाल्याच्या बिलात ती परत मोजली जातील.

त्या ओळीवर बिल निघालं असेल किंवा कन्सल्टंटची मंजुरी पडली असेल, तर डिलीट नाहीच. 'रद्द' असा शेरा मारून नोंद तशीच ठेवा. मेजरमेंट बुकात (झालेल्या कामाची मापं लिहायची वही) आपण खाडाखोड करत नाही, रेघ मारून सही करतो, तीच पद्धत इथं.

चिरेबंदी
आणखी एक, आपल्या भागात हे हमखास होतं. एक सुपरवायझर ॲप कन्नडमध्ये वापरतो, दुसरा मराठीत. एकाच मेस्त्रीचं नाव दोन लिपीत पडलेलं असतं. नावानं शोधलं की निम्म्याच दुबार नोंदी सापडतात. शोध तारीख आणि परिमाणावर घ्या: १८ घनमीटर, १४४ पोती. मेस्त्री लोकांची नावं मास्टर यादीतून निवडायला लावा, हातानं टाईप करायची सोय ॲडमिनकडून बंद करून घ्या.

रात्रीचं काँक्रीट असेल तर वेळेकडंही बघा. सर्व्हर जागतिक वेळेवर असला तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची नोंद आदल्या तारखेला पडते. ती दुबार नसते, डिलीट करू नका, फक्त तारीख बदला.

जांबोटी_साईट
इश्यू रिव्हर्स केला, साठा ११६ आला, गोदामात पोतीही तेवढीच आहेत. ओळ निघाली, पावसाची नोंद जागेवर आहे. सुपरवायझरच्या मोबाईलवर अजून जुनीच नोंद दिसते.

लेव्हल_ट्यूब
'अपलोड बाकी' शून्य आहे ना? मग लॉगआउट करून परत लॉगिन करा. बाकी असेल तर फक्त तीच एक ओळ मोबाईलवरून काढा, मग सिंक करा.