जर्मनीत एमएससी सीएस, थिअरीच्या पेपरात ५.० आला, घरी सांगितलं नाही. नागपूरचं कोणी आहे का इथं?

ओव्हरफ्लो_पॉइंट

नमस्कार. मी नागपूरचा, मानेवाड्याकडचा. ऑक्टोबरमध्ये जर्मनीत मास्टर्सला आलो, कॉम्प्युटर सायन्स, कोर्स इंग्लिशमध्ये आहे. युनिव्हर्सिटीचं नाव नाही लिहीत कारण इथं नागपूरचे आम्ही चारच जण आहोत, लगेच कळून जाईल.

परवा थिऑरेटिकल सीएसचा रिझल्ट लागला, ५.०. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथं १.० सगळ्यात भारी, ४.० ला पास अन् ५.० म्हणजे नापास. नागपूरला माझा सीजीपीए ८.९ होता, ऑटोमाटामध्ये, म्हणजे याच थिअरीच्या पेपरात, वर्गात दुसरा होतो अन् इथं त्याच विषयात आडवा झालो. दोन दिवस झाले, काहीच सुचून नाही राहिलं.

त्यात हा विषय खरं म्हणजे माझ्या मास्टर्सचा पण नाही. अ‍ॅडमिशनच्या पत्रातच लिहिलं होतं की तुमच्या बीईमध्ये थिअरी कमी पडते तर बॅचलरचे दोन विषय पहिल्या वर्षात पास करावे लागतील, याला हे लोक आउफलागे म्हणतात. पत्र आलं तेव्हा घरी पेढे आणले, आईनं शेजारी वाटले, मी ती ओळ वाचली पण काही मनावर घेतली नाही, वाटलं आपलं तर झालंच आहे हे सगळं. अन् मास्टर्स इंग्लिशमध्ये असलं तरी बॅचलरचे विषय जर्मनमध्येच शिकवतात. माझं जर्मन ए२ पर्यंत, म्हणजे जेमतेम सुरुवातीचं. स्लाइडचा फोटो काढायचा, ट्रान्सलेट करायचं, तोवर सर चार स्लाइड पुढे गेलेले असतात.

पेपर ९० मिनिटांचा. आपल्याकडे कसं होतं, मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवले की झालं, या युनिटमधून हे येते त्या युनिटमधून ते येते हे ठरलेलं. इथं कधी न पाहिलेला प्रॉब्लेम दिला अन् म्हणे हा एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे झटक्यात सोडवायची रीत अजून कोणाला सापडली नाही अशा अवघड प्रॉब्लेमांपैकी आहे, हे सिद्ध करा. मी दोन पानं लिहिली. बाहेर आलो तेव्हा वाटलं बरा गेला.

आठवड्यातून तीन रात्री पार्सलच्या गोदामात काम करतो. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या पैशातून, महिन्याला ९९२ युरो येतात त्यात माझं कसंबसं भागून जाते, पण बाबांनी प्लॉट तारण ठेवून कर्ज काढलं आहे, निदान त्यांना काही पाठवावं असं वाटते म्हणून जातो. पहाटे रूमवर येतो अन् सकाळी ८ ला ट्युटोरियल.

आईचा रोज फोन येते. इथले पाच म्हणजे तिकडचे साडेनऊ, जेवणं आटोपली की लावते. पेपर कसे गेले रे विचारते, मी बरे गेले म्हणतो. रिझल्ट लागल्यापासून दोनदा म्हटलं असं.

मला एवढंच विचारायचं आहे की किती वेळा बसता येते, अन् हे माझ्याच्यानं होण्यासारखं नसेल तर आत्ताच परत आलेलं बरं का, अन् घरी कसं सांगू. ज्यांनी हे भोगलं आहे त्यांनी प्लीज सांगा.

धंतोलीची_ताई

भाऊ, आधी श्वास घे. मलाही पहिल्या सेमिस्टरला याच विषयात ५.० होता. आज जर्मनीतच डेव्हलपर म्हणून काम करून राहिली आहे, म्हणून म्हणते, परत यायचा विचार या आठवड्यात तरी करू नको.

किती वेळा बसता येते हे आम्हा कोणाला विचारू नको, तुझ्या कोर्सची प्रूफुंग्सऑर्डनुंग म्हणजे परीक्षेची नियमावली वेबसाइटवर असते ती काढ अन् एकेक ओळ वाच, ते पत्र वाचलं तसं नाही. बऱ्याच ठिकाणी तीन वेळा असते, काही ठिकाणी नियम वेगळा आहे, अन् आउफलागेची मुदत कशी मोजतात तेही त्यातच किंवा अ‍ॅडमिशनच्या पत्रात सापडेल. हे घाबरवायला नाही सांगत, पण कम्पल्सरी विषयात शेवटचा चान्स पण गेला तर जर्मनीतल्या दुसऱ्या युनिव्हर्सिटीतही सहसा तोच कोर्स घेता येत नाही. म्हणून घाईघाईत नुसतं परत बसायचं नाही. नसेल समजत तर डिपार्टमेंटच्या स्टडी अ‍ॅडव्हायझरची वेळ घे, ते त्यासाठीच असतात अन् खरंच मदत करतात.

दुसरं म्हणजे आइनझिश्त. तपासलेला पेपर बघायचा तुला हक्क आहे, त्याची तारीख लावतात, नसेल लावली तर मेल टाक. मी लाजेनं जाणारच नव्हते, रूममेटनं ओढत नेलं. माझा एनपी-कम्प्लीटवाला प्रश्न १२ मार्कांचा, मिळाले शून्य. अन् तुझ्यासारखीच मीही दोन पानं लिहिली होती. तिथला असिस्टंट शेजारी बसला, रफ कागदावर डावीकडे थ्री-सॅट, म्हणजे एनपी-कम्प्लीट म्हणून आधीच माहीत असलेला प्रॉब्लेम, लिहिलं, उजवीकडे प्रश्नातला प्रॉब्लेम, अन् मध्ये पेन्सिलनं एक बाण काढला. म्हणाला तुझा बाण उलटा आहे, बाकी सगळं ठीक.

म्हणजे असं की नवीन प्रॉब्लेम अवघड आहे हे दाखवायचं तर आधीच अवघड म्हणून माहीत असलेला घ्यायचा अन् त्याला नवीन प्रॉब्लेममध्ये बदलून दाखवायचं, की बाबा हा नवीन झटक्यात सुटला असता तर त्याच्या जोरावर थ्री-सॅट पण सुटला असता. मी नवीन प्रॉब्लेमलाच सॅटमध्ये बदलत बसले. त्यातून नवीन प्रॉब्लेम अवघड आहे हे काही सिद्ध होत नाही, एनपीमधला, म्हणजे उत्तर झटपट तपासता येते असा, कोणताही प्रॉब्लेम सॅटमध्ये बदलता येतो हे तर स्टीफन कुकनं १९७१ लाच दाखवून ठेवलं आहे. नागपूरला मी रिडक्शनची, म्हणजे या बदलण्याची, व्याख्या तोंडपाठ लिहून पूर्ण मार्क घेतले होते, तो बाण त्याच दिशेनं का हे चार वर्षांत मला कोणी विचारलं नाही अन् मीही कोणाला विचारलं नाही. तुझ्या पेपरातही असंच काही निघालं तर मला नवल नाही वाटणार.

अन् आता दर आठवड्याच्या गृहपाठाच्या शीटबद्दल खरं सांग. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सीनियर लोकांची ड्राइव्ह फिरायची, त्यातली सोल्युशनं थोडी इकडची तिकडं करून मी द्यायचे, पेपरला बसायला अर्धे पॉइंट लागायचे ते मिळून जायचे, डोक्यात मात्र काहीच नाही. दुसऱ्या वेळी ती ड्राइव्ह उघडलीच नाही. दर गुरुवारी दोन वर्गमैत्रिणींसोबत रिकाम्या खोलीत फळ्यासमोर उभी राहायचे अन् प्रत्येक प्रूफ म्हणजे सिद्धता हातानं लिहायचे, पुस्तक बंद करून. एका प्रूफला कधी तीन तास. ट्युटोरियलमध्ये पहिल्यांदा हात वर करून मला नाही समजलं म्हटलं तेव्हा कान लाल झाले होते, पण कोणी वळूनही नाही पाहिलं. दुसऱ्यांदा २.३ आला.

गोदाम सोड रे. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते म्हणजे केलंच पाहिजे असं नाही. करायचंच असेल तर डिपार्टमेंटमध्ये हिवी म्हणजे स्टुडंट असिस्टंटचं काम शोध, ते त्या १४० मध्ये धरत नाहीत अन् सकाळी माणूस शुद्धीवर असतो.

बर्डी_टू_टेक्सस

मी अमेरिकेत होतो, तिकडची सिस्टिम वेगळी, पण पहिलं सेमिस्टर सेम टू सेम. आम्हाला जीपीए ३.० च्या खाली गेला की प्रोबेशनचा मेल यायचा अन् मला आला होता. माझी चूक सांगतो, प्रोफेसर आठवड्यातून दोनदा दार उघडं ठेवून फक्त पोट्ट्यांच्या शंकांसाठी बसायचे, ऑफिस अवर्स, अन् मी अख्खं सेमिस्टर गेलो नाही कारण डोक्यात आपल्या कॉलेजची एचओडीची केबिन, तिथं बोलावणं आलं म्हणजे काहीतरी भानगड. पुढच्या सेमिस्टरला गेलो तर सर खुर्ची ओढून अर्धा तास समजावत बसले. तुझ्याकडे पण असं काही असेलच, जाऊन बस. जर्मन नाही येत तर इंग्लिशमध्ये विचार, सांगतात.

बेसा_रोडवाले_काका

बेटा, मी या विषयातला नाही, एका मुलीचा बाप म्हणून लिहितो. आमची मुलगी पण बाहेर शिकायला होती, कॉम्प्युटरच. दोन विषय राहिले होते अन् तिनं आठ महिने आम्हाला कळू दिलं नाही. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर आम्ही तिला फराळ दाखवला, ती हसत होती, इकडून पाठवलेली चकली तिनं कॅमेऱ्यासमोर खाऊन दाखवली. नंतर कळलं की त्याच आठवड्यात ती दोन रात्री झोपली नव्हती. तिच्या मैत्रिणीच्या आईकडून आम्हाला समजलं, तेही बाजारात भाजी घेताना. आजही ते चकलीचं डोळ्यासमोर येते. मार्कांचं काही नाही वाटलं, लेकरू तिकडं एकटं रडून राहिलं अन् मी इकडं टीव्ही पाहत होतो, याचंच वाटत राहते.

दुसरं कर्जाचं. एज्युकेशन लोनवर सहसा कोर्स संपून वर्ष भरेपर्यंत हप्ता सुरू होत नाही, तोवर व्याज चढते, काही लोक ते आधीच भरत जातात. तुझे बाबा हप्ता भरतात की नुसतं व्याज, की काहीच नाही, हे तू त्यांना विचारलं आहे का? आमच्या मुलीनं पण मनानंच हिशोब केला होता अन् नको ते काम घेतलं होतं. कोर्स एक सेमिस्टर लांबला तर बँकेत युनिव्हर्सिटीचं पत्र द्यावं लागते, आम्ही दिलं, मॅनेजरनं नीट ऐकून घेतलं. तुझ्या घरी आधी बाबांना सांग, आईला ते सांगतील. पण आज सांग.

फायनलइयर_हिंगणा

ताई, मध्येच विचारतो, सॉरी. माझं एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे जर्मनीसाठी लागणारं मार्कशीटच्या पडताळणीचं, आलं आहे, या विंटरसाठी अप्लाय करून राहिलो. हे वाचून धडकीच भरली. येऊ की नको?

धंतोलीची_ताई

ये की. फक्त ऑफर आली की आउफलागे आहे का अन् किती क्रेडिटचं आहे ते पहिले बघ, दोन कॉलेज हातात असतील तर ज्यात कमी आहे ते घे, रँकिंग नंतर. जर्मन निदान बी१ करून ये, सीताबर्डीच्या गर्दीत क्लास करणं इथल्या एकट्या रूमपेक्षा सोपं आहे. अन् रोज एक प्रूफ हातानं लिही, इंडक्शनपासून सुरू कर.

ओव्हरफ्लो_पॉइंट

सगळ्यांना थँक्यू, खरंच. काकांचा मेसेज तीनदा वाचला अन् मग बाबांना लावला.

बाबा गच्चीवर कूलरला नवीन वाळा लावून राहिले होते, फोन स्पीकरवर ठेवला होता. मी एका दमात सांगून टाकलं. बराच वेळ काहीच बोलले नाही, नुसता वाळ्याचा आवाज येत होता. मग विचारलं, "किती वेळा बसता येते?" मी म्हटलं तीन, दोन बाकी आहेत, काल नियम वाचला. म्हणाले "मग रात्रीचं काम सोड, मी हप्ता भरतो असं तुला कोणी सांगितलं, नुसतं व्याज जाते माझं." मला खरंच माहीत नव्हतं. आईनं मागून फोन घेतला अन् विचारलं जेवला का. नंतर रडली ती, मीही.

गोदामात आज सांगून आलो, महिनाअखेरपर्यंत जाईन. ड्राइव्हचं ताई बरोबर म्हणाली, मी पण तेच करून राहिलो होतो, निम्म्या शीट्स तिथूनच दिल्या होत्या. आइनझिश्त गुरुवारी दोन वाजता आहे. ताई, आत पेन-पेन्सिल नेऊ देतात का?

धंतोलीची_ताई

बहुतेक ठिकाणी नाही देत, फोटो पण नाही काढू देत. कुठं किती मार्क गेले ते डोक्यात ठेव अन् बाहेर आल्याबरोबर कॉरिडॉरमध्येच बसून लिहून काढ. आधी बाण बघ.