मदत हवी आहे: आईचा फोन अमेरिकेत चालेल का?

नमस्कार मंडळी,

आई पुढच्या महिन्यात ताईकडे अमेरिकेला चालली आहे, चांगली सहा महिन्यांसाठी. हाताला सवय झालेली असल्यामुळे तिला स्वतःचाच फोन न्यायचाय. फोन अनलॉक्ड आहे (कुठल्याही कंपनीचं सिम चालतं), दोन सिम बसतात, ई-सिम मात्र नाही.

खरी अडचण बँडची, म्हणजे फोन ज्या ठरावीक रेडिओलहरींच्या पट्ट्यांवर नेटवर्क पकडतो त्यांची आहे. खोक्यावर ४जीसाठी १, ३, ५, ८, ४० आणि ४१ एवढेच बँड छापलेत. तिकडच्या कंपन्या मुख्यतः २, ४, ५, १२, १३, ६६, ७१ आणि काही ठिकाणी ४१ वापरतात. म्हणजे जुळतात ते ५ आणि थोडाफार ४१. ताईचं घर शहरापासून बरंच आत आहे, आणि लांबवर, भिंतींच्या आत पोचणारी रेंज असते ती ६००-७०० मेगाहर्ट्झची, म्हणजे नेमके १२, १३, ७१. शिवाय मोठ्या कंपन्यांनी ३जी २०२२ मध्येच बंद केलंय. व्होल्टी (४जीवरूनच साधा कॉल लावायची सोय) चाललं नाही तर नेट असूनही साधा कॉल लागायची पंचाईत. दिवसा आई घरात एकटी असणार, म्हणून जास्त काळजी वाटते.

असे बँड असलेला फोन तिकडे शहराबाहेर कुणी वापरलाय का? तिथल्या सिमवर व्होल्टी सुरू झालं का? घरात वाय-फाय कॉलिंगवर भागेल का? आणि इथलं सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवून डेटा रोमिंग बंद केलं, तर बँकेचे ओटीपी येत राहतील ना?

की सरळ तिथलाच एखादा साधा फोन घेऊन द्यावा? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.