‘साखर बंद, कॅन्सर उपाशी’ म्हणणाऱ्यांसाठी

ओंजळ:
“साखर सोडा, कॅन्सरच्या पेशी उपाशी मरतील” ही पोस्ट काल पुन्हा आली. आता गप्प बसवत नाही. केमो चालू असताना माझ्या बहिणीने हेच वाचून गोड सोडलं, मग फळं, मग दूधसुद्धा. दोन महिन्यांत नऊ किलो उतरली आणि पुढची केमो लांबली. या पेशी ग्लुकोज जास्त ओढतात हे ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच दाखवलं, मान्य. पण खाणं थांबलं तर यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज बनवतं. झिजतात ते स्नायू.

कातळ:
मग गाठ शोधायच्या पेट स्कॅनला किरणोत्सारी ग्लुकोजच का टोचतात? गाठ त्यानेच उजळते ना?

ओंजळ:
मेंदूही उजळतो. त्यालाही उपाशी ठेवायचं का?

कातळ:
बहिणीचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही रुग्णाचं बोलताय, मी निरोगी माणसाचं. फ्रान्समधल्या लाखभर लोकांच्या २०१९ च्या अभ्यासात रोज १०० मिली गोड पेय जास्त पिणाऱ्यांत कॅन्सरचा धोका १८ टक्के जास्त दिसला. फळांच्या रसाचंही तसंच, १२ टक्के.

झुळूक:
संबंध दिसला, कारण सिद्ध झालं नाही. तरी गोड पेयं मी सोडलीत, डाएटवालीच घेते.

कातळ:
म्हणजे ॲस्पार्टेम, साखरेऐवजी घालतात तो कृत्रिम गोडवा! आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, २०२३ मध्ये त्याला ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हटलंय.

झुळूक:
गट २ब, म्हणजे पुरावा मर्यादित. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने दिवसाला, वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. तेवढं मात्र कोणी पुढे पाठवत नाही.

कातळ:
कंपन्यांची वकिली पुरे.

झुळूक:
वकिली? पंधरा वर्षं मधुमेह काढतेय मी. साखर खाऊ नको, गोळी टाकू नको, मग चहा कसा पिऊ ते सांगा. आणि तो शब्द मागे घ्या.

ओंजळ:
अहो, धागा ॲस्पार्टेमचा नाही!

कातळ:
घेतला मागे. पण लठ्ठपणाचा १३ कॅन्सरांशी संबंध आयएआरसीने २०१६ मध्ये मान्य केलाय आणि साखरेने वजन वाढतं. एवढं तरी मानाल?

ओंजळ:
मानते. साखर रोजच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही मानते. निरोगी माणसाला जरूर सांगा. रुग्णाच्या तोंडचा घास काढू नका. आहारतज्ज्ञांनी “जे जाईल ते खा, गोडसुद्धा” म्हटलं तेव्हा माझी बहीण तिथेच रडली. तोवर प्रत्येक घासाला तिला वाटायचं, आपण गाठच वाढवतोय.