टियर-2 नं आयएटीएफ घ्यावं का आधी कंट्रोल प्लॅन नीट करावा?

भोसरी_टर्निंग
मंडळी, विषय कोरडा आहे पण ज्यांचं पोट यावर आहे त्यांनी मत द्याच. आमचं छोटं मशीनिंग युनिट, माणसं चाळीसच्या आत, आयएसओ 9001 आहे, माल टियर-1 ला, म्हणजे गाडी कंपनीला थेट पुरवठा करणाऱ्याला, जातो आणि तिथून गाडीत, म्हणजे आम्ही टियर-2. आता त्या टियर-1 च्या परचेसचा मेल आलाय, आयएटीएफ 16949 (गाडी उद्योगातल्या सप्लायरचं क्वालिटी सर्टिफिकेट) कधी घेताय, तीन महिन्यांच्या आतली तारीख कळवा.

माझं मत असं की आमच्याएवढ्या युनिटनं आत्ता सर्टिफिकेटच्या मागं लागू नये. तोच पैसा आणि तोच वेळ एपीक्यूपी, म्हणजे पार्टच्या क्वालिटीचं आधीच केलेलं नियोजन, नीट करण्यात घालावा, म्हणजे प्रोसेस एफएमईए (कुठं काय चुकू शकतं त्याची यादी), कंट्रोल प्लॅन (काय, कधी, कशानं तपासायचं), एमएसए (मोजमापाचीच तपासणी) हे सगळं आपल्या पार्टचं करायचं, कुणाची तरी जुनी एक्सेल आणून वरचं पार्ट नंबर बदलायचं नाही. आणि हे मी मनाचं बोलत नाही, स्टँडर्डच्या कलम 8.4.2.3 मध्ये सप्लायरसाठी पायऱ्याच दिल्यात, खालची पायरी आयएसओ 9001, वरची आयएटीएफ, मधे सेकंड पार्टी ऑडिटचे, म्हणजे कस्टमरनं स्वतः तपासायचे, टप्पे. कस्टमरनं आम्हाला टप्प्याटप्प्यानं वर न्यायचंय, डायरेक्ट गच्चीवर उडी मारा असं कुठं लिहिलंय?

चाकणची_क्यूए
दादा, कलम बरोबर वाचलंय तुम्ही पण परचेसवाला कलम वाचत नाही ना. मी टियर-1 मध्ये सप्लायर क्वालिटीला आहे, नवीन पार्टची चौकशी निघाली की आधी यादी गाळली जाते, ज्याचं आयएटीएफ नाही त्याला ड्रॉइंगसुद्धा जात नाही. तुमचा कंट्रोल प्लॅन सोन्याचा असला तरी तो उघडून बघायची वेळच येत नाही.

दुसरं जरा कडू बोलते. "आधी काम नीट करू मग सर्टिफिकेट बघू" हे मी खूप जणांकडून ऐकलंय आणि त्यातलं काम नीट झालेलं क्वचित बघितलंय. बाहेरचा ऑडिटर येणार ही भीती नसेल तर डिस्पॅचपुढे सगळं मागं पडतं. ड्रॉइंग रिव्हिजन पाचवर गेलेलं असतं आणि मशीनवर लटकवलेला कंट्रोल प्लॅन अजून तिसऱ्या रिव्हिजनचा. जाऊन बघा आपापल्या शॉपमध्ये आत्ता.

गेज_मास्तर
मॅडम, भीतीनं काय होतं ते सांगतो. एका ठिकाणी 22 एच7 चा बोअर (22 मिमीचं भोक) होता, म्हणजे टोलरन्स, चालणारा फरक, एकूण 21 मायक्रॉन. डायल बोअर गेजनं चेकिंग. एकच पीस दोन इन्स्पेक्टरच्या हातात दिला तर रीडिंगमध्ये 8 मायक्रॉनचा फरक, एकाचा ओके तो दुसऱ्याचा रिजेक्ट. आणि फाइलमध्ये जीआरअँडआर, म्हणजे मोजण्यातल्याच फरकाचा वाटा, किती तर साडेनऊ टक्के! 10 च्या आत म्हणजे एकदम झकास. नीट बघितलं तर त्या स्टडीत तिसरा अप्रेझर (मोजणारा) म्हणून ज्याचं नाव होतं तो माणूस स्टडीच्या तारखेच्या आधीच नोकरी सोडून गेलेला. भिंतीवर आयएटीएफची फ्रेम लावलेली होती बरं का.

ऑडिटच्या आदल्या रात्री ऑफिसातली पोरं वेगवेगळ्या रंगाची पेनं घेऊन एक्स बार आर चार्ट (मापांचे रोज भरायचे आलेख) भरत बसतात, हे इथं किती जणांनी बघितलं नाहीये ते हात वर करा. धागाकर्त्याला +1.

ऑडिटवाले_काका
गेज मास्तर, चोरी होते म्हणून पोलीस स्टेशन बंद करायचं का? फाइलमध्ये खोटं लिहिणारा सर्टिफिकेट नसतं तरी खोटंच लिहिणार होता.

आणि सर्टिफिकेट नव्हतं तेव्हा काय होतं ते नवीन पोरांना माहीत नाही. अमेरिकेत फोर्डचं क्यू-101 हे क्वालिटी स्टँडर्ड वेगळं, जीएमचं वेगळं, क्रायस्लरचं वेगळं. त्या तिघांनी 1994 ला क्यूएस-9000 काढलं. तिकडं जर्मनांचं व्हीडीए 6.1, फ्रेंचांचं ईएक्यूएफ, इटलीचं एव्हीएसक्यू. जगभर माल विकायचा तर सप्लायरनं नुसती ऑडिटंच द्यायची. 1999 ला टीएस 16949 आलं ते हे सगळं एका छत्राखाली आणायला, आणि ऑक्टोबर 2016 पासून त्याचंच आयएटीएफ 16949 झालं. एका सर्टिफिकेटवर एवढे दरवाजे उघडतात, त्याला नुसता कागद म्हणू नका.

भोसरी_टर्निंग
काका मान्य, पण एक छत्र झालं तर मग जर्मन कस्टमर अजून व्हीडीए 6.3 चं प्रोसेस ऑडिट वेगळं का मागतो? 90 टक्के आणि वर ए ग्रेड, 80 च्या खाली सी, आणि तिथं आयएटीएफचे मार्क मिळत नाहीत. टोयोटा, होंडा, सुझुकी तर आयएटीएफ या गाडी कंपन्यांच्या गटाचे मेंबरच नाहीत, त्यांच्या चेन मध्ये त्यांची स्वतःची पद्धत चालते. म्हणजे ऑडिटं कमी झाली कुठं, वर एक वाढलं.

शिरोली_फाउंड्री
आमच्याकडं कोल्हापुरात तिसरंच दुखणं आहे ओ. कास्टिंगवाल्याला सीक्यूआय-27 ही प्रोसेसची तपासणी, हीट ट्रीटमेंट असली की सीक्यूआय-9, त्यात फर्नेसचा युनिफॉर्मिटी सर्व्हे (आत सगळीकडं तापमान सारखं आहे का), थर्मोकपलचं रेकॉर्ड, आणि हे खरं कामाचं आहे बगा, कारण हार्डनेस कमी-जास्त का येतोय ते त्यात सापडतं. आयएटीएफचा ऑडिटर दोन तास फर्नेसपाशी उभा राहिलेला मी बघितला नाही, त्याला मॅनेजमेंट रिव्ह्यूचे मिनिट्स पायजेत. माझं मत धागाकर्त्याकडं झुकतंय, पण मॅडम म्हणतात ते यादीतून नाव जाण्याचं पण खोटं नाही.

जुना_टीक्यूएमवाला
सर्टिफिकेट आणि कोअर टूल्स (ते एफएमईए, एमएसए वगैरे) यातच अडकलात सगळे. सुंदरम-क्लेटननं 1998 ला डेमिंग प्राइझ, जपानचं क्वालिटीचं बक्षीस, घेतलं, भारतात पहिल्यांदा, ते काही कस्टमरनं मेल टाकला म्हणून नाही. खालच्या ऑपरेटरपर्यंत रोजचं मॅनेजमेंट नेलं की बाकी आपोआप येतं.

चाकणची_क्यूए
@टीक्यूएमवाला सर, आदर आहे, पण चाळीस माणसांच्या युनिटला डेमिंग सांगू नका हो, त्यांना पुढच्या महिन्याचा पगार करायचाय.

@गेज_मास्तर, खोट्या फाइलीचं मान्य. पण पद्धतीसुद्धा आंधळेपणानं वापरल्या तर तेच होतं. जुन्या एफएमईएत आरपीएन, म्हणजे तीन मार्कांचा गुणाकार, 100 च्या वर असेल तरच ॲक्शन, हा नियम कुणी केला माहीत नाही पण सगळे पाळायचे. सीव्हिरिटी (परिणाम किती वाईट) 9, ऑकरन्स (किती वेळा घडतं) 2, डिटेक्शन (सापडणं किती अवघड) 5, गुणाकार 90, सोडून द्या. आणि 3, 6, 6 चा 108 येतो म्हणून किरकोळ ओरखड्यावर मीटिंगा. 2019 च्या एआयएजी-व्हीडीए (अमेरिकन आणि जर्मन गाडी उद्योगाच्या संस्था) हँडबुकनं आरपीएन काढून ॲक्शन प्रायॉरिटी आणली, त्यात तो 90 वाला मीडियम येतो आणि 108 वाला लो. किती सप्लायरनी बदललं? ज्यांना ऑडिटमध्ये एनसी (चूक म्हणून नोंद) बसली त्यांनी. म्हणून म्हणते की बाहेरचं प्रेशर लागतं.

गेज_मास्तर
का बदललं हे न कळता बदललं असेल तर नुसता कॉलम बदलला. ऑपरेटरला विचारा की बोअर मोठा यायला लागला तर काय करतोस. "साहेबांना बोलावतो" म्हणाला तर तुमचा रिॲक्शन प्लॅन फक्त कागदावर आहे. इन्सर्ट किती पीसला बदलायचा, मागचे किती पीस परत चेक करायचे, लाल बिनची चावी कुणाकडं, हे त्याला तोंडपाठ पाहिजे. मी आधी हेच विचारतो, फाइल नंतर.

ऑडिटवाले_काका
भांडण बाजूला ठेवा, धागाकर्त्याच्या कामाचं सांगतो. तीन महिन्यांत आयएटीएफ मिळणारच नाही. स्टेज 1 लाच, म्हणजे ऑडिटच्या पहिल्या टप्प्यालाच, बारा महिन्यांचा परफॉर्मन्स डेटा आणि इंटर्नल ऑडिटचं पूर्ण चक्र दाखवावं लागतं. जो कन्सल्टंट "नव्वद दिवसांत करून देतो" म्हणेल त्याला चहा पाजून वाटेला लावा. आणि ऑडिटच्या दिवशी कन्सल्टंटला साइटवर थांबता येत नाही हे पण लक्षात ठेवा, उत्तरं तुमच्याच माणसांना द्यायचीत.

भोसरी_टर्निंग
हे माहीत नव्हतं काका, धन्यवाद. मग मी परचेसला असं लिहितो की आत्ता आयएसओ 9001 वर सब-टियर सप्लायरसाठी जी एमएक्यूएमएसआर ची किमान यादी आहे ती लावतो, सहा महिन्यांनी तुमच्या माणसांनी येऊन सेकंड पार्टी ऑडिट करा, आयएटीएफचं त्यानंतर बोलू. तोवर ज्या पार्टच्या कंप्लेंट येतायत त्याच पार्टचं एपीक्यूपी पहिल्यापासून. एपीक्यूपीच्या पुस्तकाच्या 2024 च्या तिसऱ्या एडिशनमध्ये कंट्रोल प्लॅनचं पुस्तकच वेगळं काढलंय, सुरुवात तिथूनच करतो. मत माझं बदललेलं नाही.

चाकणची_क्यूए
"नंतर बोलू" लिहू नका, मेल तिथंच मरेल. वर्ष आणि महिना टाका, दीड वर्षापुढचा टाकला तरी चालेल. परचेसच्या शीटमध्ये तारखेचा रकाना रिकामा राहिला की नाव लाल होतं, मग तुमचं एमएक्यूएमएसआर वाचायला कुणी थांबत नाही. आणि ते पत्र आमच्या खात्यालाही कॉपी करा, नुसतं परचेसला नको.