मदत हवी आहे : फ्रान्सच्या 'शास्सर आल्पां' पलटणींची १९१४ पूर्वीची रचना

नमस्कार मंडळी. फ्रेंच सैन्याच्या डोंगरी पायदळावर लेख लिहितोय, एका मुद्द्यावर गाडी अडली आहे.

इटलीने १८७२ मध्ये आल्पिनी हे डोंगरी सैनिक उभे केले आणि पुढे जर्मनी-ऑस्ट्रियाशी हातमिळवणी केली. तेव्हा फ्रान्सने डिसेंबर १८८८ च्या कायद्याने शास्सर या हलक्या, चपळ पायदळाच्या १२ बटालियन आल्प्ससाठी राखून ठेवल्या. प्रत्येक बटालियनला सहा कंपन्या, जोडीला डोंगरी तोफांची एक बॅटरी (तोफांची तुकडी) आणि थोडे इंजिनिअर सैनिक. या स्वयंपूर्ण गटाला 'ग्रुप आल्पां' म्हणत. मला ही रचना फार विचारपूर्वक केलेली वाटते. खिंडीत अडकलेल्या तुकडीला मागून मदत लवकर पोचत नाही.

मग पहिल्या महायुद्धात याच बटालियन पूर्व फ्रान्समधल्या व्होज पर्वतात लढल्या, 'निळे सैतान' म्हणून गाजल्या. माझा प्रश्न असा : तिथे तोफांची बॅटरी बटालियनच्या कमांडरच्याच हाताखाली राहिली, की वरच्या मोठ्या दलाकडे, म्हणजे डिव्हिजनकडे गेली? व्होजमधल्या हार्टमान्सविलरकॉफ शिखराच्या १९१५ च्या लढायांबद्दल कुणी खोलात वाचलंय का?

आज सातवी, तेरावी आणि सत्ताविसावी बटालियन २७ व्या डोंगरी ब्रिगेडमध्ये आहेत, तो भाग मिळाला आहे. फ्रेंच वाचता येणाऱ्यांनी बटालियनच्या युद्ध-दैनंदिनी कशा चाळायच्या तेवढं सांगितलं तरी मोठं काम होईल.