वायरलेस स्विच इनपुट युनिट: फेज इनपुटला जोडू नये

जुन्या स्विचची फेज (वीज वाहणारी तार) वायरलेस स्विच इनपुट युनिटच्या, म्हणजे भिंतीवरील स्विच दाबल्याचा संदेश स्मार्ट दिव्याला बिनतारी पाठवणाऱ्या छोट्या उपकरणाच्या, इनपुटला तशीच जोडावी का, असे आपण विचारले आहे; कृपया तसे करू नये. बॅटरीवरील बहुतेक युनिटचे इनपुट विद्युतदाब नसलेल्या संपर्कासाठी असतात, म्हणजे स्विचने केवळ दोन तारा एकमेकींना जोडायच्या असतात; तेथे २३० व्होल्ट पोहोचल्यास युनिट जळू शकते, शिवाय जिवालाही धोका होतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेतील आमच्या जुन्या घरी वायरमनने एमसीबी (वीज तोडणारा मुख्य फलकावरील स्विच) बंद करून, वीज नसल्याची मल्टिमीटरने खात्री केल्यावर, स्मार्ट दिव्याला अखंड वीज मिळावी म्हणून स्विचवरील फेज आणि दिव्याकडे जाणारी तार कनेक्टरने थेट जोडली, आणि मोकळा झालेला स्विच युनिटला दिला. तरीही भिंतीतल्या लोखंडी स्विच-पेटीत युनिटचा सिग्नल अडत होता. पीव्हीसीची (प्लॅस्टिकची) पेटी बसवल्यावर तो सुरळीत झाला.